प्रिन्स ऑफ पर्शियाच्या नादात २०,७४८ रुपये गेले, जुने गेम शोधणाऱ्यांनी वाचाच

"जुने ५०० गेम, विंडोज ११ वर चालणार, गॅरंटी" अशी जाहिरात दिसली की तिथूनच मागे फिरा. मी १,४९९ भरले, पेनड्राइव्ह घरी आला. प्रिन्स, डेव्ह, रोड रॅश, नावं सगळी होती. पण प्रिन्सवर क्लिक केलं की विंडोज म्हणायचं हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही. पाकिटावरच्या नंबरला फोन लावला, समोरचा एकदम व्यवस्थित बोलणारा, म्हणाला सर तुमची १६ बिटची अ‍ॅक्टिव्हेशन की राहिलीय, ४९९ भरा, मी स्क्रीनवर बघून करून देतो.

इथेच कळायला हवं होतं, इथेच! अशी की नसतेच मुळी. आजचं ६४ बिट विंडोज डॉसचे (विंडोजच्या आधीची सिस्टिम) १६ बिट प्रोग्रॅम चालवतच नाही, कितीही पैसे ओता, आणि त्यासाठी डॉसबॉक्स नावाचा, डॉसची नक्कल करून जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम २००२ पासून फुकट मिळतोय. पण मला हे कोण सांगणार होतं? आम्ही कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवरून खेळलेली माणसं, चीट चालू करायला प्रिन्स मेगाहिट टाइप केलं की झालं. आणि ओरिजिनल प्रिन्समध्ये पहिली लेव्हल संपल्यावर बाटल्यांची खोली यायची, पुस्तिकेत बघून बरोबर अक्षराची बाटली प्यायची. जुने गेम कोड मागायचेच, मग याने की मागितली तर मला वावगं वाटलं नाही, यात माझं काय चुकलं?

मग फोनवरही ते स्क्रीन दाखवायचं अ‍ॅप टाकायला लावलं. (गेम लॅपटॉपवर, अ‍ॅप फोनवर कशाला? असं कोणी सांगितलं की तिथेच फोन कट करा.) कार्डाने ४९९ भरले, पाठोपाठ दुसरा ओटीपी आला आणि मी वाचेपर्यंत १८,७५० गायब.

बँकेत गेलो तर एकच पालुपद, ओटीपी तुमच्याच फोनवर आला ना. अहो आला, पण मी कोणाला सांगितला नाही, त्याने तो चोरून बघितला, यात फरक आहे की नाही? आधी फॉर्म भरा, मग साहेब जेवायला, मग हा फॉर्म जुना आहे. पोलीस स्टेशनला म्हणे हे सायबरचं, सायबरवाले म्हणे आधी तुमच्या हद्दीत नोंदवा, आणि या वयात गेम कशाला खेळता हे दोन्हीकडे ऐकून घेतलं. चोर राहिला बाजूला, उलटतपासणी माझीच! पेनड्राइव्ह पुरावा म्हणून पुढे केला तर कोणी हातात घ्यायला तयार नाही.

पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, ब्रँचमध्ये खेटे घालण्यात वेळ घालवू नका, पैसे पुढे सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. अँटिव्हायरस बंद करा म्हणणारा सेटअप उघडूच नका, या पेनड्राइव्हमध्ये तेही लिहिलेलं होतं.

बँकेला लेखी तक्रार दिलीय, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन टाकणार, त्याला फी नाही. स्क्रीन शेअरच्या केसमध्ये कोणाला पैसे परत मिळाले असतील तर बँकेला नक्की काय लिहिलं होतं ते सांगा.