आडव्या बाटलीचा हक्क कोल्हापूर शहरात कितपत चालतो?

आपल्या भागात दारूची दुकाने फार झाली आहेत असे ज्या कोल्हापूरकराला वाटते, त्याच्या हाती कायद्याने दिलेले सर्वांत थेट साधन म्हणजे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली राज्य शासनाने मार्च २००८ मध्ये काढलेला मतदानाचा आदेश होय. गावातील किंवा शहरी वॉर्डातील एकूण मतदारांपैकी, अथवा केवळ स्त्री मतदारांपैकी, किमान २५ टक्क्यांनी सह्यांचा अर्ज दिला की सह्यांची पडताळणी होते, गुप्त मतदान घेतले जाते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकान बंद करण्याचा आदेश निघतो. जन्मदाखला किंवा नळजोडणीप्रमाणे हीसुद्धा नागरिकाला मिळणारी एक शासकीय सेवाच आहे, आणि ती मागणाऱ्याच्या पदरात प्रत्यक्षात काय पडते, एवढ्याच दृष्टीने तिचे हे परीक्षण केले आहे.

खेड्यासाठी ही सेवा चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. पन्हाळा किंवा शाहूवाडी तालुक्यातल्या दीड-दोन हजार मतदारांच्या गावात सरकारमान्य देशी दारूचे दुकान असले तर बहुधा एकच असते, ते कोणाला नको आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते, आणि बचत गटाच्या बायकांनी मनावर घेतले तर घरोघरच्या सह्या गोळा होण्यास फार दिवस लागत नाहीत. अक्षरओळख नसली तरी चिन्ह कळते. मत गुप्त असल्यामुळे घरातल्या पुरुषांना किंवा दुकानदाराच्या भावकीला न दुखावता बाईला आपला कौल देता येतो, आणि ही मोकळीक ग्रामसभेत हात वर करताना मिळत नाही. केवळ स्त्रियांच्या मतांवर निर्णय होऊ शकतो ही तरतूद तर मला संपूर्ण आदेशातील सर्वांत शहाणी तरतूद वाटते, कारण दारूचे पैसे शेवटी कोणाच्या संसारातून वजा होतात हे आदेश लिहिणाऱ्याने नीट ओळखलेले दिसते.

शहरात मात्र हाच आदेश अवघडून बसतो. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,४९,२३६ होती आणि जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूक २० प्रभागांत झाली. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येने भागले तरी एका प्रभागात सरासरी सत्तावीस हजारांहून अधिक माणसे येतात. वॉर्ड म्हणजे हाच प्रभाग धरला आणि त्यातील स्त्री मतदार दहाच हजार मानल्या, तरी अर्जासाठी अडीच हजार सह्या आणि निर्णयासाठी पाच हजारांहून अधिक आडव्या बाटल्या लागतील. त्यातही हे निम्मे प्रमाण झालेल्या मतदानावर मोजले जात नाही, ते यादीतील एकूण नावांवर मोजले जाते. जी बाई त्या दिवशी कामावर गेली, जी लग्न होऊन इचलकरंजीला नांदायला गेली पण जिचे नाव माहेरच्या यादीतच राहिले, जी वारली पण यादीतून निघाली नाही, त्या साऱ्याजणी हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला जाऊन बसतात. नगरसेवक निवडताना अशी अट घातली असती, तर महापालिकेच्या सभागृहातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या.

शिवाय त्रास प्रभागाला होत नाही, गल्लीला होतो. रात्री अकरानंतर मोटारसायकलींच्या गर्दीतून वाट काढत घरी येणारी मुलगी एका विशिष्ट गल्लीत राहते. त्याच प्रभागाच्या दुसऱ्या टोकाच्या रहिवाशाला तिची अडचण ऐकून वाईट वाटेल, पण तेवढ्यासाठी तो रविवारी रांगेत उभा राहील याची खात्री देता येत नाही.

तरीही आकड्यांची अडचण मी दुय्यम मानतो. टक्केवारी उद्या बदलता येईल, पण मतपत्रिकेवर जो प्रश्न विचारला जातो तोच शहरातल्या रहिवाशाच्या मनातला प्रश्न नाही. मतपत्रिका विचारते की दुकान हवे की नको. स्टेशन रोड, शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाची तक्रार अशी नसतेच. बसस्थानक आणि रेल्वेस्थानक हाकेच्या अंतरावर असताना तिथे लॉज, खानावळी आणि परमिट रूम असणार, हे त्याने केव्हाच स्वीकारलेले असते. त्याचे म्हणणे एवढेच असते की इतकी कशाला? या ‘इतकी’चे उत्तर द्यायला आपल्या व्यवस्थेत कोणीच बसलेले नाही.

याचे कारण परवान्यांच्या रचनेत सापडते. आपण सरसकट ‘दारूचे दुकान’ म्हणतो त्यात निदान चार वेगळे परवाने असतात: देशी दारूसाठी सीएल-३, वाईन शॉपसाठी एफएल-२, परमिट रूमसाठी एफएल-३ आणि बिअर शॉपीसाठी एफएल/बीआर-२. यांपैकी देशी दारूचे आणि वाईन शॉपचे नवे परवाने देणे राज्याने १९७० च्या दशकापासून थांबवलेले आहे. त्यामुळे गल्लीत वाईन शॉप ‘नवीन’ दिसले तरी तो बहुधा दुसरीकडून स्थलांतर होऊन आलेला जुनाच परवाना असतो. परमिट रूम आणि बिअर शॉपी यांना असा पायबंद नाही, आणि खरी वाढ तिथेच होते. मोर्चे मात्र देशीच्या दुकानावर निघतात, कारण तिथला गिऱ्हाईक गरीब असतो आणि रस्त्यावर दिसतो. वातानुकूलित परमिट रूममधून बाहेर पडणारा गिऱ्हाईक गाडीत बसून निघून जातो, आणि ती गाडी कोण चालवत आहे हे कोणी विचारत नाही.

परवाना देताना अंतराची जी अट तपासली जाते, तिचीही मर्यादा पाहण्यासारखी आहे. विदेशी मद्याच्या नियमांत शैक्षणिक आणि धार्मिक संस्थांपासून ७५ मीटरचे अंतर सांगितले आहे, पण धार्मिक संस्था म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या ताब्यातील प्रार्थनास्थळ, आणि शैक्षणिक संस्था म्हणजे मान्यताप्राप्त शाळा किंवा संलग्न महाविद्यालय, अशी व्याख्या केलेली आहे. खासगी शिकवणी वर्ग त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. राजारामपुरीत संध्याकाळी ज्या जिन्यांवरून दहावी-बारावीची मुले शेकड्यांनी चढतात-उतरतात, ते जिने नियमाच्या दृष्टीने शाळेचे नाहीत. पेठेतल्या तालमीत मारुती असतो, रोज दिवा लागतो, पोरे व्यायामाला येतात; परंतु न्यासाची नोंदणी नसेल तर अंतर मोजताना तिची गणना होत नाही. यापेक्षाही मला खटकते ते असे की ही मोजणी दुकानापासून शाळेपर्यंत आणि दुकानापासून देवळापर्यंत होते, एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंतचे अंतर मात्र कोणी विचारत नाही. प्रत्येक अर्ज एकटा तपासला जातो, एकटा नियमात बसतो आणि मंजूर होतो. त्यांची बेरीज कोणाच्याही टेबलावर येत नाही.

अशी बेरीज करता येत नाही असे नव्हे. स्कॉटलंडमध्ये २००५ च्या परवाना कायद्याने स्थानिक परवाना मंडळांवर हेच काम सोपवले आहे: आपल्या क्षेत्रातील कोणत्या भागात परवाने गरजेपेक्षा जास्त झाले आहेत याचा अभ्यास करून त्याचे निवेदन धोरणातच द्यायचे, आणि त्या आधारावर नवा अर्ज फेटाळता येतो. कॅलिफोर्नियात जनगणनेच्या छोट्या विभागातील लोकसंख्या आणि परवाने यांचे प्रमाण संपूर्ण काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, प्रमाणाशी ताडून पाहतात, आणि पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे सरासरीपेक्षा २० टक्क्यांनी अधिक असतील तर तेही जमेस धरतात. आपल्याकडेही परमिट रूमचे वार्षिक शुल्क गावाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते. म्हणजे पैसे घेताना शासनाला डोकी मोजता येतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील करवाढ मंजूर केली तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाची अपेक्षा सांगण्यात आली. महसूल गोळा करणे आणि दुकानांवर मर्यादा घालणे ही दोन्ही कामे एकाच विभागाकडे असल्यावर त्यांतले कोणते मागे पडेल, हे वेगळे सांगायला नको.

मी दारूबंदीचा पुरस्कार करत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवावी लागली, आणि कोल्हापूरला तर गोवा इतका जवळ आहे की घाट चढून येणारी गोवा बनावटीची दारू पकडल्याची बातमी इथल्या वाचकाला नवी राहिलेली नाही. परवानाधारक दुकानाला निदान वेळ असते, फलक असतो, तपासणी असते. हातभट्टीला यातले काहीच नसते. चांगल्या चालवलेल्या परमिट रूममध्ये कुटुंबकबिल्यासह तांबडा-पांढरा ओरपणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मार्च २०२५ मध्ये शासनाने विधानसभेत जाहीर केले की गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गाळ्यात बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान काढायचे तर त्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. हे पाऊल योग्य आहे, पण मंगळवार पेठ किंवा शुक्रवार पेठेतल्या स्वतंत्र घरांच्या गल्लीत गृहनिर्माण संस्थाच नसते, तिथे हरकत कोणी घ्यायची?

तेव्हा खरेदीदाराला सल्ला द्यावा तसा सांगायचा तर, ज्या गावात दुकान एकच आहे आणि बायका एकजुटीच्या आहेत, त्यांनी आडव्या बाटलीचा मार्ग जरूर धरावा. मात्र सह्या घेण्याआधी अद्ययावत मतदार यादी मिळवून नाव आणि अनुक्रमांक तिच्याशी जुळवून घ्यावेत, कारण अर्ज पडताळणीतच अडकण्याचा धोका मोठा असतो. शहरातल्या दाट बाजारपेठेच्या भागासाठी मी ही सेवा सुचवणार नाही. तिथे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून आपल्या प्रभागातील चारही प्रकारच्या परवान्यांची यादी मागवणे अधिक फलदायी ठरेल. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. यादीत प्रत्येक परवान्याचा प्रकार, पत्ता, मंजुरीचा दिनांक आणि आधीचा पत्ता असे चार रकाने असावेत, असे अर्जातच स्पष्ट लिहावे, आणि पुढच्या परमिट रूमचा अर्ज आल्याची कुणकुण लागताच ती यादी हरकतीला जोडावी. आधीच्या पत्त्याचा रकाना गाळू देऊ नये, कारण नवा परवाना दिलाच नाही हे उत्तर अक्षरशः खरे असूनही गल्लीत दुकान नवे आलेले असू शकते.