फेलोशिप की लोकअभिरक्षक: शिक्षणकर्जाचा हप्ता चालू असताना

सनद मिळाली आहे, काम गरिबांसाठीच करायचं हे पक्कं आहे आणि अभ्यासक्रम संपून वर्ष झालं की कर्जाचा हप्ता सुरू होणार आहे. असे नवे वकील ठाणे कोर्टात नेहमी भेटतात. त्यांच्यापुढे बहुतेक वेळा दोन वाटा असतात: एखाद्या संस्थेची फेलोशिप, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या कार्यालयात, सहायक म्हणून नेमणूक. मी दोन्ही केल्या आहेत, याच क्रमाने.

अमेरिकेचं उदाहरण हमखास निघतं. तिथे २००७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक सेवेत राहून १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं. पण ही सवलत तिथल्या केंद्र सरकारच्या कर्जांनाच आहे. इथल्या बँकेकडून पैसे घेऊन तिकडे एलएलएम केलं तर तिचा काही उपयोग नाही, आणि आपल्याकडे तशी योजनाही नाही. त्यामुळे आपल्या हातात एवढंच राहतं: ज्या कामातून हप्ता सुटेल असं काम निवडणं.

कामाचा आवाका पाहिला तर फेलोशिप सरस, हे मोकळेपणाने सांगतो. नवी मुंबईतल्या नाक्यांवरच्या मजुरांची बुडालेली मजुरी, ठेकेदाराकडच्या सफाई कामगारांचं किमान वेतन, माहिती अधिकाराचे अर्ज, वस्तीतल्या बैठका. कायदा माणसांपर्यंत कसा पोचतो, किंवा का पोचत नाही, ते मी तिथे शिकलो. कागदावरचं मानधनही बरं होतं.

अडलं ते तारखेपाशी. मानधन तीन-तीन महिन्यांचं एकत्र यायचं आणि तेही अहवाल देणगीदाराकडे मंजूर झाल्यावर. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जायचा. वर्षाची बेरीज जुळत होती, पण पाच तारखेला खात्यात पैसे नसले की हप्ता परत जायचा आणि वर बँकेचा दंड. त्याहून वाईट म्हणजे कर्जाला सहकर्जदार म्हणून वडिलांची सही होती. बँकेचा फोन कळव्याला, निवृत्त झालेल्या त्या माणसाला जायचा. सिबिलवर डाग पडला तर त्यांच्याही. मजुराचा पगार वेळेवर मिळावा म्हणून दिवसभर भांडायचं आणि संध्याकाळी वडिलांना ‘या महिन्यात तुम्हीच भरा’ म्हणायचं, हे मला झेपेना. संस्थेतली माणसं चांगली होती, त्यांच्याही हातात काही नव्हतं. सगळ्या फेलोशिप अशा असतील असं नाही. दरमहा पैसे देणाऱ्याही असतात.

लोकअभिरक्षक कार्यालयं ‘नाल्सा’च्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, २०२२ च्या योजनेतली. सहायकाच्या जागेसाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो, म्हणून नव्या माणसाला खरोखर संधी आहे. मानधन महिन्याचं आणि ठरलेलं. ते फार मोठं नाही आणि खासगी वकिली अजिबात करता येत नाही, म्हणजे वरकमाईचा रस्ता बंद. काम फक्त फौजदारी. कामगार, घरं, पर्यावरण यांत जीव असेल तर इथे घुसमट होईल.

पण फौजदारीची जराही ओढ असेल तर असं शिक्षण दुसरीकडे क्वचितच मिळेल. सीनियरच्या हाताखाली तारखा घेण्यात वर्षं जातात. इथे रिमांडला पहिल्यापासून तुम्हीच उभे राहता. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात कच्च्या कैद्यांना भेटायचं, कोण किती दिवस आत आहे ते मोजायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, काही अपवाद सोडले तर, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की तो सुटकेला पात्र होतो. तो हिशेब मांडून अर्ज करणारं कुणी नसलं की माणूस आतच राहतो. ते अर्ज मी करतो, आणि पाच तारखेची धास्ती आता नाही.

कुठेही गेलात तरी बँकेशी आधी बोला. बँक संघटनेच्या नमुना कर्जयोजनेत परतफेड १५ वर्षांपर्यंत लांबवण्याची, सुरुवातीला हप्ता लहान ठेवून पुढे वाढवण्याची आणि बेकारीच्या किंवा तुटपुंज्या कमाईच्या काळात हप्ता थांबवण्याची सोय सुचवलेली आहे. शाखेत कुणी आपणहून सांगत नाही, लेखी मागावं लागतं. प्राप्तिकरात शिक्षणकर्जाच्या व्याजाची आठ वर्षं मिळणारी वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे, आणि आपल्या कमाईवर मुळात कर फारसा बसत नाही. आई किंवा वडील कर्जदार असून व्याज स्वतःच्या उत्पन्नातून भरत असतील तर त्यांनाच तिचा फायदा.

फेलोशिपच घेणार असाल तर नेमणूकपत्रात दोन गोष्टी पाहा. एक, पैसे कोणत्या तारखेला येणार. दुसरी, तुम्ही पगारी कर्मचारी ठरता की सल्लागार. पूर्णवेळ पगारी नोकरी असेल तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली थांबवावी लागते. लोकअभिरक्षकाची नेमणूकही कायमची नसते, आधी दोन वर्षं आणि मग काम पाहून वर्षावर्षाने मुदतवाढ. म्हणून माझा हप्ता मी मुद्दाम लहान करून घेतला आहे. व्याज थोडं जास्त जाईल, ते मला चालतं.