कोटा की आयातशुल्क?

परदेशी कपड्याला आवर घालायच्या दोन वाटा. शुल्क लावलं की माल येतो, महाग होतो, पैसा सरकारी तिजोरीत जातो, संपलं. कोट्याची, म्हणजे किती माल येऊ द्यायचा या मर्यादेची, गंमत वेगळी. जून 2005 मध्ये युरोपीय संघाने चीनशी बोलून 10 प्रकारच्या कापड-कपड्यांवर मर्यादा ठरवली. दुकानदारांच्या ऑर्डरी मात्र आधीच गेलेल्या. ऑगस्टमध्ये स्वेटर, पँट, ब्रा असे कोट्यवधी नग बंदरांत अडकले! सप्टेंबरात तडजोड: निम्मा माल तसाच सोडला, उरलेला दुसऱ्या प्रकारांच्या किंवा 2006 च्या कोट्यात मांडला. शिवाय टंचाईने वाढलेल्या भावाचा मलिदा सरकार नाही, कोटा हाती असलेला निर्यातदार खातो. आपल्याकडेही 2004 अखेरपर्यंत निर्यातीचा कोटा विकला जायचा. मला विचाराल तर शुल्क बरं; निदान थंडीचे स्वेटर गोदीत अडकत नाहीत.