अक्रोडाचा नवा दस्ता : कोकणातल्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील आमच्या बाराबोर एकनळी बंदुकीचा जुना दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) मानेशी, म्हणजे पकडीच्या अरुंद भागाशी चिरला, म्हणून उन्हाळ्यात घाटावरच्या एका कारागिराकडून अक्रोडाचा नवा दस्ता करून घेतला. वाळलेले काश्मिरी लाकूड, पकडीवरची बारीक जाळी आणि तेलाची झिलई पाहता किंमत वाजवी वाटली होती. आता त्याने कुडाळचा पावसाळा आणि त्यामागून आलेला हिवाळा, दोन्ही काढले आहेत.

हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास टिकली, तर लाकडातील पाणी हळूहळू २० टक्क्यांकडे सरकते. कोरड्या उन्हाळ्यात तेच ८ ते १० टक्के असते. अक्रोड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र फुगते, आणि एवढ्या फरकाने ४५ मिलिमीटर रुंदीत सुमारे एक मिलिमीटरची वाढ होऊ शकते. ऑगस्टमध्ये दस्त्याच्या खांद्याकडील टोकावर बसवलेल्या प्लेटच्या कडेबाहेर लाकूड नखाला अडकेल इतके आले आणि नळीखालचे हातलाकूड काढताना जोर करावा लागू लागला. तक्रार केली, तर "लाकूड आहे, फुगणारच" एवढेच उत्तर मिळाले. ओले लाकूड माथी मारले, असे माझे तेव्हा ठाम मत झाले होते.

डिसेंबरात ते मत बदलावे लागले. लाकूड ओले असते, तर सुकल्यावर मूळ मापापेक्षा आकसून प्लेटच्या आत गेले असते. हे मात्र पुन्हा प्लेटच्या कडेशी बरोबर येऊन बसले. म्हणजे लाकूड निर्दोष होते. तरीही दस्त्याला बंदुकीच्या लोखंडी भागाशी जखडणारा लांब बोल्ट सैल झाला होता, म्हणून प्लेट उघडली, आणि खरा दोष तिथे दिसला: आतला लाकडाच्या टोकाचा आडवा छेद कोरा, फिकट, करवतीच्या खुणांसह तसाच सोडलेला, तेलाचा थेंबही नाही.

यावर मी अडून बसलो आहे, कारण लाकूड बाजूंपेक्षा टोकाच्या छेदातून कितीतरी वेगाने दमट हवा ओढते. बाहेरून झिलई आणि आतून कोरे, ही काटकसर नव्हे. फुगलेले लाकूड लोखंडात अडकून दाबले जाते, त्याचे तंतू कायमचे चेपतात आणि सुकल्यावर तेवढी फट उरते. त्या फटीमुळे प्रत्येक बाराला लोखंड मागे आदळते आणि पाचरीप्रमाणे मान चिरते. आमचा जुना दस्ता नेमका तिथेच गेला होता. बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या जुन्या रायफलींत पुढचे लाकूड चिरू नये म्हणून आडवा स्क्रू घालत, तोही लाकडाच्या याच स्वभावावरचा इलाज होता.

जवसाचे तेल दिसायला सुंदर आणि दुरुस्तीला सोपे असले, तरी पाण्याची वाफ ते फारशी अडवत नाही. म्हणून कोरड्या हवेत प्लेटमागचा छेद आणि लाकडात लोखंडी भाग बसतो ती बैठक मी पातळ वॉर्निशचे हात देऊन, लाकूड पिणे थांबेपर्यंत, बंद केली. बोल्ट पुन्हा बेताने आवळला. फोमचे अस्तर असलेली पिशवीही वापरातून काढली, कारण ते अस्तर ओल धरून ठेवते आणि नळीलाही गंज चढवते.

दस्ता चांगला आहे आणि याच कारागिराकडून पुन्हा घेईन. मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, झिलई नंतर करा पण प्लेटमागचा छेद माझ्यासमोर बंद करा, असे पावतीवर लिहून घेईन. त्यासाठी वाटीभर वॉर्निश पुरते.