हाफ चॅप्स, सात महिन्यांनंतर: चामडं उत्तम, चेनने घात केला

राजस्थानच्या शेखावाटीतल्या घोडेसफारीचा तिसरा दिवस. घोडीचा तंग आवळून झालेला, बाकीचे खोगिरावर चढून माझी वाट बघतायत, आणि माझ्या डाव्या हाफ चॅपच्या (घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पोटरीवर चढवायचं चामड्याचं आवरण) चेनचा, म्हणजे झिपचा, रनर पोटरीच्या मध्यावर अडकलेला. जोर लावला तर वरचे दात मिटले, खालचे फाकले. पुढचे २८ किलोमीटर त्या पायाला साईसने (घोडे सांभाळणाऱ्याने) दिलेली सुती पट्टी गुंडाळून काढले. संध्याकाळी पोटरीच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचं सालटं निघालं होतं.

हे चॅप्स मी जुलैत २,९०० रुपयांना घेतले, तेही नाइलाजाने. आठवड्यातून दोनदा पाऊण तास रिंगणात फिरायला जोधपुरी बूट आणि जाड मोजे पुरेत, असं माझं ठाम मत होतं. ऑगस्टमध्ये सराव दीड तासावर गेला आणि मत बदललं. दुडकीत रिकिबीचा पट्टा प्रत्येक उठबशीला पोटरीवर घासतो. चामड्याने तो त्रास संपला. त्याबद्दल पूर्ण गुण.

सप्टेंबरमध्ये मी मैत्रिणींना सांगत होते की चॅप्समुळे माझी मांड पक्की झाली. ते आता मागे घेते. पाय स्थिर झाला तो टाचेमुळे. रोज जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या, तीस सेकंद, तीनदा. पोटरी सैल झाली की वजन रिकिबीतून टाचेत उतरतं. ती आखडलेली असेल तर आपण गुडघ्याने घोडा आवळत बसतो आणि तासाभरात मांड्या भरून येतात. सोबत आठवड्यातून तीनदा पर्वती, कंबरेसाठी प्लँक, मांडीच्या आतल्या बाजूसाठी आडव्या लंजेस. वजनही ८३ वरून ७८ वर आणलं. सफारीची मर्यादा ८५ किलो होती, पण ओझं घोडीलाच वाहायचं असतं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते नोव्हेंबरमधलं एक काम: लागोपाठ दोन दिवस तीन-तीन तास बसणं. पहिला दिवस कुणालाही जमतो. दुखऱ्या अंगाने दुसऱ्या सकाळी पुन्हा खोगिरावर बसल्यावर काय होतं, ते घरीच कळलेलं बरं. सफारीत मंडावा गावाकडे जाताना सहा तास बसले तरी कंबर शाबूत होती. उतारावर आम्ही खाली उतरून लगाम धरून चालायचो, त्याने घोड्यांना आणि आमच्या गुडघ्यांना दोघांनाही आराम.

म्हणूनच चेनचा राग जास्त आला. पाच महिने अंग तयार केलं, त्यात कुठे कमी पडले नाही, आणि घात झाला तो पन्नास रुपयांच्या वस्तूने. दुकानाला फोटो पाठवले. नऊ दिवसांनी उत्तर आलं: चेनला वॉरंटी नाही, दुरुस्ती हवी तर कुरिअर स्वखर्चाने करा. चॅप्समध्ये चेन सोडून बिघडण्यासारखं आहे तरी काय?

शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या चर्मकारदादांकडे नेले. त्यांनी रनर उलटा करून मागचा आकडा दाखवला. "ताई, ही पाच नंबरची. पर्सला ठीक आहे. इतका ताण घ्यायला आठ नंबर पाहिजे." दोन्ही चॅप्सच्या चेन बदलायचे ३६० रुपये झाले. जुन्या चेनच्या वेटोळ्यात त्यांना राजस्थानची बारीक वाळू सापडली, पिठासारखी. नव्या दातांवर त्यांनी मेणबत्ती घासून दिली आणि दर दहा-बारा वेळांनी घासत जा म्हणाले.

आता दोन महिने झाले, रनर एका बोटाने वर जातो. चामडं घोट्याशी सव्वा-दीड सेंटीमीटर खाली बसलंय, तेव्हा घेताना उंचीला किंचित जास्तच घ्या. पोटरीचं माप संध्याकाळी, गुडघा वाकवून घ्या. आणि पैसे देण्याआधी रनर उलटा करून आकडा बघा. पाच असेल तर ३६० रुपये किमतीत धरूनच घासाघीस करा.