एमबीसिंक, मनपॅक आणि मराठी नावांच्या अटॅचमेंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कर सल्लागार कार्यालयात जीएसटीची २० तारीख जवळ आली की अशिलांच्या बिलांचे मेल थांबत नाहीत. अटॅचमेंट आपोआप काढून देणाऱ्या एका सेवेचं दरमहा, दरमाणशी भाडं ऐकलं आणि मी सरळ टर्मिनल उघडलं. तीन फुकट प्रोग्राम जोडले: एमबीसिंक सर्व्हरवरचे मेल संगणकावर उतरवतं, क्रॉन दर पंधरा मिनिटांनी माझी स्क्रिप्ट चालवतं, मनपॅक मेलमधून अटॅचमेंट बाहेर काढतं. खर्च शून्य, जुना डेस्कटॉपही पुरला.

एमबीसिंकबद्दल तक्रार नाही. जीमेलने वैयक्तिक खात्यांना साध्या पासवर्डने आयमॅप (दुसऱ्या प्रोग्राममधून मेल वाचायची पद्धत) वापरू देणं ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं, म्हणून अशा प्रोग्रामसाठी वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, एवढंच. मेलडिर, म्हणजे प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची रचना, तर मला फारच आवडलं. मेल आधी 'टीएमपी' फोल्डरमध्ये पूर्ण लिहिला जातो, मगच 'न्यू' फोल्डरमध्ये जातो. मध्येच वीज गेली तरी अर्धवट मेल स्क्रिप्टच्या हाती लागत नाही. आमच्याकडे वीज जाते.

माझा सगळा राग फाइलच्या नावांवर होता. अशील पाठवतो 'जुलै खरेदी बिले', आणि मनपॅक डिस्कवर ठेवतं रोमन अक्षरं नि एक्स यांची निरर्थक सरमिसळ, कारण मेलमध्ये मराठी नाव सांकेतिक रूपात येतं आणि त्यातली प्रश्नचिन्हं नि मोकळ्या जागा पुसून ते तिथे एक्स घालतं. कोणाचं बिल, कोणत्या महिन्याचं, हे प्रत्येक फाइल उघडूनच बघायचं असेल तर ही सगळी खटपट कशाला? 'अशिलांना इंग्रजीत नाव द्यायला सांगा' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पतसंस्थेचा कारकून दिवसभर मराठीत काम करतो, तो फाइलला मराठीतच नाव देणार आणि तेच बरोबर आहे.

मग कच्चे मेल वाचले आणि मत बरंच बदललं. १९९७ च्या आरएफसी २२३१ प्रमाणे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) असं नाव टक्केचिन्हांनी लिहायचं असतं. देवनागरीच्या एकेका चिन्हाला यूटीएफ-८ या लिपी साठवायच्या पद्धतीत तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह नि दोन अक्षरांनी लिहितात, म्हणजे तिथे नऊ अक्षरं लागतात. नाव लांबलं की त्याचे क्रमांक घातलेले तुकडे होतात. पुष्कळ मेल प्रोग्राम मात्र विषयाच्या ओळीसाठी असलेली आरएफसी २०४७ ची पद्धत फाइलनावालाही लावतात. त्या जागी ती वापरायला त्याच आरएफसीत स्पष्ट मनाई आहे! म्हणजे मूळ दोष पाठवणाऱ्या प्रोग्रामचा. मनपॅक जुनं आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा करायची?

तरी मनपॅक काढून टाकलंच. आता पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं ईमेल मॉड्यूल वापरतो. मेल वाचताना त्याला 'पॉलिसी डीफॉल्ट' ही सेटिंग सांगायला विसरू नका. ती दिली की दोन्ही पद्धतींची नावं नीट उलगडतात, नाहीतर जुन्या सवयीने २०४७ वालं नाव तसंच कच्चं मिळतं. फोल्डरमध्ये सगळी नावं स्वच्छ मराठीत दिसली तेव्हा फार आनंद झाला.

एक अडचण पुढे येतेच: एक्स्ट४ या लिनक्सच्या डिस्क-रचनेवर नाव २५५ बाइटांपुढे जात नाही, म्हणजे काना-मात्रा धरून देवनागरीची ८५ चिन्हं. म्हणून नावाआधी तारीख घालतो आणि लांब नाव बाइट मोजून, पण चिन्हाच्या सीमेवरच कापतो. आउटलुकवरून मधूनच येणारी, अटॅचमेंट आत गुंडाळलेली 'विनमेल डॅट' फाइल 'टीनेफ' या आज्ञेने उघडते, तीही स्क्रिप्टमध्ये घातली. पासवर्ड लावलेल्या पीडीएफ तेवढ्या अजून हातानेच उघडतो, कारण अशिलांचे पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायला मन धजत नाही.