र्‍योगोकु कोकुगिकान: सुमो बघायचाय ना, मग सकाळीच जा

टोकियोतल्या कोकुगिकान ह्या सुमोच्या हॉलचं तिकीट काढणारे बहुतेक जण दुपारी साडेतीन-चारला आत शिरतात, कारण मोठे पैलवान तेव्हाच येतात असं सगळीकडे सांगितलेलं असतं. ते खरंही आहे. पण तिकीट दिवसभराचं असतं हो, पहिली कुस्ती सकाळी साडेआठच्या सुमाराला लागते (शेवटच्या दोन-तीन दिवसांत जरा उशिरा), तेव्हा निदान दहाला तरी जागेवर असा, माझा सगळा रिव्ह्यू खरं तर एवढ्याचसाठी आहे.

कारण असं की सुमोतलं अख्खं करिअर त्या एका दिवसात खालून वर उलगडत जातं. एकूण सहा गट, जोनोकुची, जोनिदान, सानदान्मे, माकुशिता, ज्यूर्‍यो आणि सगळ्यात वर माकुउची, आणि कुस्त्याही ह्याच क्रमाने लागतात. सकाळी जी पोरं उतरतात त्यातली काही पंधरा-सोळा वर्षांची, शाळा संपवून थेट तालमीत आलेली. काळा सुती लंगोट, मोठ्यांसारखं मीठ फेकणं नाही, बसायला स्वतःची गादी नाही, पंचसुद्धा अनवाणी. ह्यांना पगार नाही, तालीम जेवण आणि राहायची सोय करते आणि प्रत्येक स्पर्धेमागे थोडा भत्ता मिळतो, बाकी झाडलोट, स्वयंपाक, सिनियरचे कपडे धुणं सगळं ह्यांच्याकडेच. एकूण पैलवान सहाशेच्या आसपास, आणि पगार फक्त वरच्या दोन गटांतल्या 70 जणांना, ज्यूर्‍योत गेलास की महिन्याला 11 लाख येन आणि माकुशितात पुन्हा घसरलास की शून्य. हे डोक्यात ठेवून माकुशिताच्या वरच्या कुस्त्या बघा, दुपारी एक ते दोनच्या मधे, मला तर त्या योकोझुनाच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मानाच्या पैलवानाच्या कुस्तीपेक्षाही जास्त भिडतात. एकेका विजयावर त्या माणसाचा पगार, खोली आणि हाताखालची मुलं ठरणार असतात!

आणि सकाळी हॉल रिकामा असतो, साधारण 11 हजार लोक मावतील एवढा हॉल आणि आत तुरळक माणसं, त्यामुळे डोक्याला डोकं आदळल्याचा आवाज वरच्या मजल्यावर पण स्पष्ट येतो. संध्याकाळच्या गर्दीत तो ऐकू येत नाही. वजनी गट नसतात, त्यामुळे शंभर किलोचा पोरगा पावणेदोनशे किलोवाल्यासमोर उभा राहतो आणि कधीकधी बाजूला सरकून त्याला रिंगणाबाहेर घालवतोही, तेव्हा ते मोजके प्रेक्षक जे ओरडतात ते ऐकण्यासारखं असतं. रिंगण आहे 4.55 मीटरचं, बाहेर पाय पडला किंवा तळपाय सोडून काहीही टेकलं की खेळ खल्लास.

तेरुनोफुजीची गोष्ट माहीत असेल तर सकाळचं मोल अजून कळतं. मूळचा मंगोलियाचा, शाळेसाठी जपानला आला, 2011 ला सुरुवात केली, मे 2015 ला ह्याच कोकुगिकानमधे पहिली स्पर्धा जिंकून ओझेकी झाला, म्हणजे योकोझुनाच्या फक्त एक पायरी खाली. मग दोन्ही गुडघे गेले, त्यात डायबिटिस, 2017 ला ओझेकीपद गेलं आणि ऑपरेशन, आजारपण ह्यात स्पर्धा बुडत बुडत मार्च 2019 ला गडी थेट जोनिदानमधे, म्हणजे खालून दुसऱ्या गटात! पुन्हा काळा सुती लंगोट, पगार बंद. त्याने कितीदा सोडून देतो म्हणून सांगितलं, पण त्याचे वस्ताद इसेगाहामा, स्वतः माजी योकोझुना आसाहिफुजी, त्यांनी आधी तब्येत सुधार मग बघू म्हणून त्याला थांबवून धरलं. मे 2019 ला तो ह्याच हॉलमधे सानदान्मेत खेळला, म्हणजे ज्या वेळेला टुरिस्ट अजून हॉलमधे फिरकलेलेही नसतात त्या वेळेला. जुलै 2020 ला वरच्या गटात परतला, कोविडमुळे नागोयाची स्पर्धा इथेच हलवली होती, आणि तळातल्या नंबरवरून तीच जिंकली. 2021 ला 73वा योकोझुना झाला, एकूण 10 स्पर्धा जिंकल्या, जानेवारी 2025 ला निवृत्त झाला आणि आता त्याच तालमीचा वस्ताद आहे. सकाळच्या त्या पोरांकडे बघताना मला हा माणूस आठवतोच.

आता जागांचं बोलू. खालची चौकोनी बॉक्स सीट दिसायला भारी, पण साधारण 1.3 मीटरच्या चौकोनात चार माणसं मांडी घालून, तेही दिवसभर, गुडघे दुखत असतील तर अजिबात नको, दोघांत एक बॉक्स मिळाला तर ठीक. आम्हाला वरच्या मजल्यावरची खुर्चीच बरी वाटली, पाठ टेकता येते, चेहरे बारीक दिसतात म्हणून दुर्बीण घ्या. अगदी रिंगणाजवळच्या गाद्यांवर खाणं, फोटो दोन्ही बंद, शिवाय पैलवान अंगावर पडू शकतो, लहान मुलांना घेऊन तिथे बसायचा विचार करू नका.

खाण्यात याकितोरी, म्हणजे काडीला लावून भाजलेली कोंबडी, घ्याच, इमारतीच्या तळघरातच बनते. कोंबडी दोन पायांवर उभी असते आणि सुमोत हात टेकला की हार, म्हणून ती शुभ मानतात. तळघरात दुपारी चांकोची वाटीही मिळते, पैलवान रोज खातात तोच भाज्या, मांस घातलेला रस्सा, स्वस्त आणि पोटभर, लाइन असते पण भरभर सरकते. शाकाहारी लोकांचे मात्र हाल आहेत, रश्श्यात मांस-मासळी असतेच, तेव्हा पोटभर खाऊनच या.

मधल्या वेळात पहिल्या मजल्यावरचं छोटं म्युझियम बघून घ्या, तिकीटवाल्यांना फुकट आहे, आणि वर छताजवळ विजेत्यांचे 32 अवाढव्य फोटो लावलेत तेही बघा. पावणेचारला माकुउचीवाले कमरेला पुढून रंगीत, भरजरी पदर लावून येतात तेव्हा सकाळपासून बसलेल्या माणसाला त्या पदराची किंमत बरोबर कळते, चारला आलेल्याला तो नुसता छान कपडा दिसतो. सहाला शेवटची कुस्ती, नंतर धनुष्य फिरवायचा विधी, तो सोडून पळू नका.

तिकिटं अधिकृत साइटवर स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी सुटतात आणि पटकन संपतात, दामदुप्पट घेणाऱ्या दलालांच्या नादी लागू नका. टोकियोत स्पर्धा फक्त जानेवारी, मे आणि सप्टेंबरमधे, प्रत्येकी 15 दिवस, बाकीच्या तीन ओसाका, नागोया, फुकुओकाला. शनिवार-रविवार मिळणं अवघड, टोकियोतच निशी-कासाईला राहणाऱ्या आपल्या भारतीय मंडळींनी सरळ मधल्या वाराची सुट्टी टाकावी, जेआर रेल्वेच्या र्‍योगोकु स्टेशनवरून चालत दोन मिनिटं.